मग बोंडं खातं कोण?

मागच्या आठवड्यात वर्ध्याहून एका तरुण अधिकाऱ्याचा फोन आला. त्यांचा कुठलासा कार्यक्रम आहे आणि आपल्या जिल्ह्यातून परदेशाशी शास्त्रीय ई-मेल सुरू करणाऱ्यांपैकी मी एक, तेव्हा दहा मिनिटं बोलावं अशी त्यांची विनंती होती. फार अदबीने बोलत होता. "मॅडम, त्या पहिल्या ई-मेलमध्ये काय लिहिलं होतं? काहीतरी प्रेरणादायी असेल ना?"

मी म्हटलं, पहिल्यात काय होतं ते आठवत नाही, बहुतेक "पोचलं का?" एवढंच असावं. पण ज्या ई-मेलपायी माझ्या सेवापुस्तकात लाल शाईची नोंद झाली, तो अळ्यांबद्दल होता.

मग तो म्हणाला, "अळ्या वगळून फक्त तांत्रिक भाग सांगता येईल का?"

नाही येणार. तांत्रिक भाग म्हणजे एक फोन, एक खोका आणि एक तार. बाकी सगळ्या अळ्याच होत्या. त्या वगळायच्या असतील तर मलाही वगळा, असं मी त्याला सांगितलं. तो बिचारा "विचारून कळवतो" म्हणाला. आमच्या वेळीही सगळे हेच म्हणायचे.

देवळीजवळ कापसाचं एक लहानसं संशोधन केंद्र होतं. तीन खोल्या, एक गोदाम आणि भोवती पऱ्हाटीचे, म्हणजे कापसाच्या झाडांचे, प्लॉट. मी तिथे प्रयोगशाळा सहायक होते. घर देवळीतच, वडिलांचं धान्याचं दुकान, त्यामुळे व्यापाऱ्याची पोरगी शेतात काय करते असं लोक हसून विचारायचे. केंद्राचे प्रमुख, म्हणजे आमचे साहेब, पुण्याकडचे. माणूस वाईट नव्हता, पण मोठ्या शहरातल्या मुख्य कार्यालयाचं पाकीट दिसलं की त्यांच्या हाताला घाम सुटायचा.

आमचं काम चालायचं आफ्रिकेतल्या एका माणसाबरोबर. नाईल नदीच्या काठावर कापसाचं असंच एक केंद्र होतं आणि तिथला एक शास्त्रज्ञ आमच्याचसारखा बोंडअळीने हैराण झाला होता. त्याची अळी आणि आमची अळी एकच. ठरलं असं की दोघांनी दर आठवड्याला एकाच दिवशी, एकाच पद्धतीने अळ्या मोजायच्या, आकडे एकमेकांना पाठवायचे आणि किती फवारण्या टाळता येतात ते पाहायचं. दर झाडामागे एक अळी दिसली की फवारणीचा विचार करायचा, असा नियम आम्ही दोघांनी धरला होता. पण पत्र जायला दीड महिना, उत्तर यायला दीड महिना. त्याने विचारलेल्या शंकेचं उत्तर मिळेपर्यंत इथे कापूस वेचून गाठी बांधून होत. म्हणून ई-मेल आणायचा ठरला.

कॉम्प्युटर आला. त्याला जोडायचा मॉडेम नावाचा चपटा खोका आला, तो फोनच्या तारेतून कॉम्प्युटरचं बोलणं पाठवायचा. मुंबईतल्या एका संस्थेच्या कॉम्प्युटरला आम्ही फोन लावायचा, निरोप तिथे ठेवायचा, तिथून तो लंडनला जायचा आणि लंडनहून मागे आफ्रिकेत. माझे आजोबा सांगत, सिंदी रेल्वे गावाहून कापसाच्या गाठी मुंबईला जायच्या, तिथून जहाजाने विलायतेला, आणि तिथून कापड होऊन परत यायच्या. दोन कापूसवाल्यांना एकमेकांशी चार वाक्यं बोलायची तर तीही विलायतेहूनच फिरवून न्यावी लागावीत, याचा मला तेव्हा संताप यायचा. आजही येतो.

केंद्रात फोन एकच, साहेबांच्या टेबलावर. त्याच्या तबकडीला छोटं पितळी कुलूप. नंबर फिरवायचा तर साहेबांकडे किल्ली मागायची. म्हणून कॉम्प्युटरही साहेबांच्याच खोलीत, खिडकीखाली बसवला. शेजारची पिठाची गिरणी सुरू झाली की तारेत अशी खरखर व्हायची की पडद्यावर अक्षरांचा भुगा पडायचा. गिरणीवाला दीड वाजता जेवायला जायचा आणि साहेबही दीडलाच क्वार्टरवर जेवायला जायचे. तेव्हा आमचा आंतरराष्ट्रीय संपर्क दीड ते अडीच. मी रोज किल्ली मागायची, साहेब कुलूप उघडून द्यायचे, मग मी मॉडेम सुरू करायची.

खरं तर पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं होतं की किल्लीची गरज नाही. मॉडेम नंबर स्वतःच लावायचा. कुलूप तबकडीला होतं, तारेला नव्हतं. पण मी बोलले नाही. किल्ली मागितली की साहेबांना बरं वाटायचं आणि मलाही कुणाचा मान ठेवल्यासारखं व्हायचं. तो शिष्टाचार मी इमानेइतबारे पाळला, हे मुद्दाम सांगते, कारण पुढे मला बेशिस्त म्हटलं गेलं.

अळ्या मोजायला तीन बाया होत्या. त्यांच्यातली म्होरकी, तिला सगळे मावशीच म्हणायचे. कापूस वेचण्यात हयात गेलेली, नजर अशी की पानाआडची अळी तिला चालता चालता दिसायची. तिने, आणि तिचंच पाहून बाकीच्या दोघींनी, झाड पाहायचं, आकडा सांगायचा आणि मी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभी राहून वहीत लिहायचं. शिवाय बोंडांना किती भोकं पडली, तेही. दर आठवड्याला प्रत्येक प्लॉटमागे एक बाटली असायची, स्पिरिट भरलेली. ओळख पटवण्यासाठी थोड्या अळ्या तिच्यात टाकून ठेवायच्या. मी सांगितलं होतं, चार-पाच पुरेत. मावशी "बरं" म्हणायची आणि बाटली ठासून भरायची. स्पिरिट जास्त लागतं म्हणून साहेब कुरकुरायचे. मी चिठ्ठ्या चिकटवून बाटल्या गोदामात रचत गेले.

सातव्या की आठव्या आठवड्यात नाईलकाठाहून ई-मेल आला. इंग्रजी साधं, दोनच ओळी. त्याने आमच्या आकड्यांवर बोट ठेवलं होतं. तुमच्या पुष्कळ झाडांवर भोकं आहेत, पण अळी शून्य. मग बोंडं खातं कोण?

हाच प्रश्न पत्रातून आला असता तर हंगाम संपल्यावर आला असता आणि मी काहीतरी पांडित्य झाडून मोकळी झाले असते. पण तो दुपारी आला, आणि मावशी समोरच्या प्लॉटमध्ये उभी होती. मी तशीच कागद घेऊन गेले.

"मावशी, तो तिकडचा माणूस विचारून राह्यला, भोकं हायेत तं अळी कुठं गेली? बोंडं खाते कोन?"

मावशी हसली. "शाना दिसते तो."

"शाना तं हाय. आता माह्यासमोर एक झाड मोजजो. मोठ्यानं."

तिने झाड वाकवलं. पहिली अळी चिमटीत धरली, काही न बोलता बाटलीत टाकली. दुसरीला म्हणाली "एक". तिसरीला म्हणाली "दोन". झाड सोडलं. "दोन. लिहा."

"मावशी, तीन झाल्या."

"दोन."

"अन् बाटलीतली?"

"ते पयली व्हय."

"मंग पयली काऊन नाई मोजली?"

मावशीने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी विहिरीला पाणी का असतं असं विचारलं. "बाई, पयल्याले का म्हन्तेत? लाभ म्हन्तेत. तुमी तं दुकानदाराच्या. आता किड्याले लाभ म्हनू का मी? वावरात उभी राहून?"

मी वही मिटून ठेवली.

धान्य मोजताना पहिल्या मापाला आमच्याकडे एक म्हणत नाहीत. लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन, चार. माझे वडील तसंच मोजायचे, मी रांगत होते तेव्हापासून कानावर तेच. मावशीने जन्मभर खळ्यावर असंच मोजलेलं. आणि मी तिला सांगितलं होतं की अळ्या मोज. तिने सरळ विचार केला. अळीला लाभ म्हटलं तर अळीची बरकत व्हायची. म्हणून पहिलीला नावच द्यायचं नाही, बाटलीत टाकून बाईंच्या हवाली करायची आणि मोजणी पुढच्यापासून धरायची. "ते तं तुमच्यापाशीच हाय बाटलीत," ती म्हणाली. "तुमच्यापाशी हाय ते मी काऊन गिनू?"

यात मूर्खपणा कुठे होता तो मला आजतागायत सापडलेला नाही. मूर्खपणा माझा. दोन महिने मी दहा हातांवर उभी राहून तिचे आकडे उतरवत होते आणि एकदाही तिला मोठ्याने मोजायला सांगितलं नव्हतं. लाभ पाळण्यात ऐकलेली मी, मलाच सुचलं नाही. आणि आमचा सगळा नियम नेमका त्या पहिल्या अळीवर उभा होता. एक अळी दिसली की फवारणीचा विचार, आणि ती एकच आमच्या वहीत कधी येत नव्हती. आम्ही फवारण्या टाळा असं सांगत होतो, आणि खोट्या शून्यांच्या जोरावर सांगत होतो.

साहेबांना सांगितलं. त्यांनी दार लोटून घेतलं. म्हणाले, "सोपं आहे. प्रत्येक आकड्यात एक मिळवा आणि सुधारित तक्ता पाठवा. कारण लिहू नका. झाकली मूठ सव्वा लाखाची."

मी म्हटलं, साहेब, ज्या झाडावर खरंच अळी नव्हती तिथेही मग एक अळी बसेल. शून्यातली खरी शून्यं कोणती आणि मावशीची कोणती, हे आपल्याला कसं कळणार?

साहेबांनी घाम पुसला आणि मुख्य कार्यालयाला फोन केला. चार दिवसांनी तिथून पत्र आलं. अशिक्षित मजूर स्त्रियांच्या चुकीमुळे आकडेवारी निरुपयोगी झाली आहे. यापुढे मोजणी शहरातून येणारे प्रशिक्षित लोक करतील. परदेशी पत्रव्यवहार, ई-मेल धरून, मुख्य कार्यालयामार्फतच होईल. कॉम्प्युटर बांधून पाठवावा.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. शहरातून येणाऱ्या त्या प्रशिक्षितांना पानाआडची अळी हात धरून दाखवावी लागली असती. आणि मावशीला कुणी विचारायचंच नव्हतं. मला इतका राग आला होता की मी गोदामात जाऊन उगाच बाटल्या पुसत बसले. पुसता पुसता एका बाटलीवर हात थांबला. प्लॉट तिसरा, आठवडा पाचवा, माझ्याच पेन्सिलीतली चिठ्ठी. आत गच्च अळ्या.

तुमच्यापाशी हाय ते मी काऊन गिनू.

ज्या ज्या झाडावर निदान एक अळी होती, त्या प्रत्येक झाडाची पहिली अळी इथे बाटलीत होती. एकही इकडची तिकडे नाही. वहीतली बेरीज अधिक बाटलीतल्या अळ्या, म्हणजे त्या प्लॉटचा खरा आकडा. मावशीने एकही अळी हरवली नव्हती. तिने फक्त ती दोन ठिकाणी ठेवली होती.

कॉम्प्युटर न्यायला गाडी सोमवारी येणार होती. आम्ही चौघींनी शुक्रवार आणि शनिवार सकाळ गोदामात काढली. पांढऱ्या ताटात बाटली रिकामी करायची, मोजायची, परत भरायची. स्पिरिटने डोळे चुरचुरत होते. मावशी आता बिनदिक्कत "एक" पासून मोजत होती. मी चिडवलं, "मावशी, आता चालते का पयली?"

"मेलेल्याले कायचा लाभ अन् कायची बरकत," ती म्हणाली आणि पुढची उचलली.

शनिवारी दीड वाजता साहेब जेवायला गेले. जाताना त्यांनी कुलूप नीट ओढून पाहिलं आणि किल्ली खिशात टाकली. मी मागितली नाही. त्यांच्या पाठीमागे दार लागलं तशी मी मॉडेम सुरू केला. त्याने नंबर लावला, नेहमीची शीळ घातली, मुंबई लागली. मी लिहिलं होतं ते सगळं खरं होतं. आमच्याकडे पहिल्या मापाला काय म्हणतात, अळीला ते का म्हणता येत नाही, चूक मोजणाऱ्या बाईची नसून न विचारणाऱ्या माझी कशी, आणि खाली बाटल्यांसकट नवा तक्ता. तक्ता लांब होता आणि तार मंद. ओळी एकेक करून जात होत्या.

अर्धा गेला असेल आणि साहेब परत आले. चष्मा विसरले होते.

ते दारात थांबले. मॉडेमचे दिवे लुकलुकत होते. त्यांनी फोनकडे पाहिलं, जवळ येऊन कुलूप ओढून पाहिलं. कुलूप जागच्या जागी होतं. आयुष्यभर ज्यावर विश्वास ठेवला त्याने असा दगा द्यावा, तसं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग त्यांचा हात रिसीव्हरकडे गेला. तो उचलला की लाइन तुटली असती.

मी रिसीव्हरवर हात ठेवला. साहेबांच्या हातावर नाही, रिसीव्हरवर. घरी लग्नाची बोलणी चालू होती आणि नोकरी गेली तर वडील काय म्हणतील तेही डोक्यात होतं. "उचलू नका साहेब," मी म्हटलं. "अर्धं गेलंय. खोटं काही नाही त्यात. तुमचं नाव लावलेलं नाही, माझंच आहे."

साहेबांनी टेबलावरचा चष्मा उचलला, डोळ्यांवर लावला आणि ते परत जेवायला गेले. मी त्यांचा भित्रेपणा सांगितला आहे, तर हेही लिहिलं पाहिजे. त्या दिवशी त्यांनी तो हात मागे घेतला.

सोमवारी गाडी आली, तसा मेमोही आला, साहेबांच्याच सहीचा. कुलूपबंद दूरध्वनीचा वापर करून परवानगीशिवाय परदेशाशी संपर्क साधल्याबद्दल खुलासा करावा. मी खुलासा केला: कुलूप तबकडीला होते, तारेला नव्हते. आकडे खरे आहेत. बाटल्या गोदामात आहेत, कुणीही येऊन मोजाव्यात.

कुणी आलं नाही; सेवापुस्तकात तेवढी बेशिस्तीची लाल नोंद झाली. पण कॉम्प्युटर गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात परत आला, त्याच गाडीने, त्याच दोरीने बांधलेला. नाईलकाठच्या माणसाने माझा ई-मेल लंडनच्या लोकांना, म्हणजे या कामाला पैसे पुरवणाऱ्यांना, दाखवला होता आणि मुख्य कार्यालयाला ई-मेलनेच स्पष्ट लिहिलं होतं की जिथल्या आकड्यामागची अळी काढून दाखवता येते असं एवढं एकच केंद्र आहे. त्याच्याशी आपण थेटच बोलू, नाहीतर बोलणारच नाही. मला त्याने निराळं लिहिलं. इथे मोजणारे लोक मोजताना काय म्हणतात ते मी कधी विचारलंच नाही, उद्या शेतावर जातो, असं.

मोजणी मावशीकडेच राहिली. दोन हंगामांनी अहवाल छापून आला. गुळगुळीत कागद, मुख्य कार्यालयाने तयार केलेला, त्यात आमच्या केंद्रापुढे तळटीप होती की सुरुवातीच्या आठवड्यांत मजुरांच्या चुकीमुळे आकडे दुरुस्त करावे लागले. मी ती शेतात मावशीला वाचून दाखवली. तिने वेचायचं थांबवून ऐकलं.

"चूक?" ती म्हणाली. "चूक कायची? बाटलीत होती ना. त्याइले लिहजो बाई, चूक नोहे म्हना. त्याइनं विचारलं नाई, अन् आमी लपवलं नाई."

त्या दुपारी मी साहेबांकडे किल्ली मागितली, त्यांनी दिली, आणि मावशीचं वाक्य मी रोमन अक्षरांत जसंच्या तसं टाइप करून लंडनमार्गे नाईलला पाठवलं. खाली इंग्रजी अर्थ लिहायचा मुद्दाम टाळला. त्याचं उत्तर आलं: काय लिहिलंय ते कळलं नाही, पण कुणीतरी रागावून खरं बोललंय हे कळलं, अर्थ पाठवा. अर्थ पाठवला. पुढच्या वर्षीच्या अहवालात तळटीप बदलली होती. चूक हा शब्द गेला होता आणि मोजणाऱ्या तिघींची नावं छापली होती. मावशीने तिन्ही नावांवर बोट फिरवून पाहिलं आणि विचारलं, यातलं माह्यं कोन्तं.

निवृत्त होताना कारकून म्हणाला, मॅडम, ती लाल नोंद अर्ज केला तर काढता येते. मी म्हटलं, राहू द्या. नोकरीत केलेलं सगळ्यात चांगलं काम कुठेतरी लिहून ठेवलेलं असावं.

काल त्या तरुण अधिकाऱ्याचा पुन्हा फोन आला. विचारून कळवलं त्याने. अळ्या चालतील, पण थोडक्यात, म्हणाला. मावशी आता नाही. बोरगाव मेघेच्या माझ्या घरात पुस्तकांच्या फळीवर एक बाटली मात्र आहे, प्लॉट तिसरा, आठवडा पाचवा. ती मी सोबत नेणार आहे. भाषण काही करणार नाही. एक पांढरं ताट मागवीन, बाटली त्यात रिकामी करीन आणि समोरच्या खुर्चीवरच्या सगळ्यात मोठ्या साहेबांना सांगेन, मोजा. मोठ्याने. पहिलीपासून.